कंपनी बुडाली, घड्याळाचें काय?

आमच्या नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें गेल्या दिवाळीनंतर मनगटावर नवें स्मार्टवॉच बांधून आणिलें होतें. वडिलांनीं बोनसाच्या पैशांतून तें घेतलें होतें. जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां त्याचें मनगट रिकामें दिसलें. विचारतां कळलें कीं, वडिलांनीं मोबाइल बदलला आणि नव्या मोबाइलशीं घड्याळ जुळेना. कारण तें विकणारी कंपनीच मध्यंतरीं बंद पडली होती. "सर, घड्याळ बिघडलेलें नाहीं, तरी चालत नाहीं," असें तो म्हणाला. ह्या वाक्याचा उलगडा करावा म्हणून हा लेख लिहीत आहों.

प्रथम जुन्या घड्याळाकडे पाहूं. एच.एम.टी. ह्या सरकारी कारखान्यानें 1961 सालीं बंगळूर येथें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें घड्याळें करण्यास आरंभ केला. जानेवारी 2016 मध्यें केंद्र सरकारनें घड्याळांचा हा उद्योग बंद करण्यास मंजुरी दिली. तरी आमच्या वडिलांचें 'जनता' घड्याळ किल्ली दिली कीं आजही चालतें. त्याचा सारा जीव डबीच्या आंत आहे. गुलमंडीचा घड्याळजी तें उघडून साफ करितो. त्यास कोणाची परवानगी लागत नाहीं.

स्मार्टवॉचचा जीव मात्र अर्धा मनगटावर आणि अर्धा दूर कोठेंतरी ठेविलेल्या संगणकांत, म्हणजे सर्व्हरमध्यें, असतो. घड्याळ मोबाइलमधील ॲपशीं बोलतें व ॲप सर्व्हरशीं. मालकाचें खातें बहुधा तेथेंच असतें. सर्व्हरचा खर्च कंपनी भरीत असते. ती थांबली कीं खातें उघडत नाहीं, आणि नवा मोबाइल त्या घड्याळास ओळखीत नाहीं.

अमेरिकेंतील 'पेबल' कंपनीचा इतिहास येथें बोधक आहे. 2012 सालीं तिनें लोकांकडून आगाऊ रक्कम म्हणून एक कोटी डॉलरहून अधिक पैसा जमविला. डिसेंबर 2016 मध्यें ती बंद पडली व तिची बरीचशी मत्ता 'फिटबिट'नें घेतली. ज्यांस घड्याळ मिळावयाचें होतें त्यांचे पैसे परत झाले. पण ज्यांच्या हातीं घड्याळ होतें त्यांची हमी तेव्हांच संपली! 30 जून 2018 नंतर सर्व्हर बंद झाले. वेळ व गजर राहिले. हवामान, बोलून लिहिणें, ॲपचें दुकान हीं गेलीं. पुढें 'रेबल' नांवाच्या स्वयंसेवकांनीं आपले सर्व्हर उभारून त्यांतील बराच भाग पुन्हा सुरू केला. असें भाग्य फार थोड्या घड्याळांच्या वांट्यास येतें.

आतां घरचें उदाहरण. आपल्या छत्रपती संभाजीनगराजवळ पैठण रस्त्यावर चितेगांव येथें व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना होता. ह्या भागांतील किती तरी घरांची चूल त्यावर पेटत असे. जून 2018 मध्यें राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणानें ह्या कंपनीवरील दिवाळखोरीची कारवाई दाखल करून घेतली. लोकांच्या घरचे दूरदर्शन संच त्या दिवशीं बंद पडले नाहींत. मोहल्ल्यांतील कारागीर जुन्या संचांचे भाग काढून नव्यांस बसवीत राहिला. परंतु हमीपत्राचें मोल काय उरतें?

2016 च्या दिवाळखोरी संहितेच्या 14 व्या कलमाप्रमाणें अशी कारवाई सुरू होतांच कंपनीवर नवा दावा लावतां येत नाहीं व चालू दावे थांबतात. ग्राहकास आपली मागणी मुदतींत लेखी नोंदवावी लागते. व्हिडिओकॉन समूहावरील मान्य मागण्या सुमारे 64,800 कोटी रुपयांच्या होत्या. 2021 सालीं जी योजना मंजूर झाली ती 2,962 कोटींची, म्हणजे रुपयास पांच पैसेही नाहींत. (अपील न्यायाधिकरणानें जानेवारी 2022 मध्यें ती रद्द केली.) बँकांची ही गत, तर हजार रुपयांच्या हमीपत्रवाल्यानें रांगेंत कोठें उभें राहावें? कंपनी विकून टाकण्याची वेळ आलीच, तर कामगारांचें चोवीस महिन्यांचें देणें व तारण असलेलें कर्ज पुढें असतें, आणि तो बराच मागें. दुकानदारानें स्वतः वेगळी हमी दिली असेल, तर मात्र त्याजकडे दाद मागतां येते. त्यासाठीं पावती जपून ठेवावी.

विद्यार्थ्यांनीं एक प्रयोग घरीं करावा. वडिलांच्या अनुमतीनें एक दिवस घरांतील इंटरनेट व मोबाइलचा डेटा बंद ठेवावा, आणि कोणत्या वस्तु चालतात, कोणत्या अडखळतात, कोणत्या मुक्या होतात, ह्याची वहींत नोंद करावी. आमच्या त्या विद्यार्थ्यानें ती केली आहे. त्याची यादी दीड पानांची झाली.