स्वतःचा ट्रक घेण्याआधी : हिशेब आणि सम्यक आजीविका



आपल्या रविवारच्या वंदनेला एक बंधू नियमित येतात. अकोला जिल्ह्यातले, वय चव्वेचाळीस. बारा वर्षे ते इथे ट्रेलर चालवतात. जेबेल अली बंदरातून मुसाफ्फा, अल ऐन, फुजैरा अशा त्यांच्या फेऱ्या असतात. एकदा खीरदान झाल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, आयुष्यभर दुसऱ्याची गाडी चालवली. आता स्वतःची घ्यायची आहे. गावचं घर गहाण ठेवलं तर बँक कर्ज देते. तुम्ही इंजिनिअर, जरा हिशेब बघा."

ते घर त्यांनी बारा वर्षांच्या पगारातून बांधले आहे. त्यात त्यांची आई आणि दोन मुली राहतात. म्हणून हा हिशेब आम्ही तीन रविवार बसून केला. पुष्कळांच्या मनात हाच विचार असतो, काही जण भावासाठी गावी ट्रक घेऊन देतात, म्हणून त्यांच्या परवानगीने तो इथे मांडतो.

इथे की गावी?

पहिला प्रश्न हा होता. अमिरातीत १ जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत परदेशी माणसाला कंपनीची शंभर टक्के मालकी घेता येते. त्याआधी ५१ टक्के वाटा स्थानिक भागीदाराचा लागत असे. म्हणजे मार्ग खुला आहे, पण तो कंपनीचा मार्ग आहे: लायसन्स, कार्यालय, स्वतःचा व्हिसा, कॉर्पोरेट टॅक्सची नोंदणी, आणि वर्षाची उलाढाल ३,७५,००० दिरहमच्या वर गेली की व्हॅटची नोंदणी. डिझेलचे दरही ऑगस्ट २०१५ पासून दर महिन्याला बदलतात. वर्षाचे कंत्राट एका दराने घेतले आणि डिझेल वाढले, तर फरक मालकाच्या खिशातून जातो.

हा खर्च टाळण्यासाठी एक सोपी वाट सुचवली जाते. ट्रेलर तुमच्या पैशाने घ्या, मुल्किया एखाद्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या नावावर करा आणि तिला महिन्याला ठरावीक रक्कम द्या. माझ्या ओळखीच्या एका माणसाने हे केले. दोन वर्षांनी ती कंपनी बंद पडली. गाडी कागदोपत्री कंपनीची होती, ती देणेकऱ्यांकडे गेली. त्याच्याकडे उरल्या त्या व्हॉट्सॲपवरच्या पावत्या. मुल्कियावर ज्याचे नाव, गाडी त्याची. विश्वास कितीही असला तरी ही ओळ बदलत नाही.

आमच्या बंधूंनी ही वाट सोडली आणि गावाकडच्या ट्रकचा हिशेब मांडायला घेतला.

महिन्याचा हिशेब

खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. आपापल्या भागातले दर विचारून ते बदलावेत. रीत तीच राहील.

दहा चाकी, २८ टनी ट्रक, बॉडीसकट ४० लाख रुपये. पदरचे ८ लाख, कर्ज ३२ लाख, व्याज ११ टक्के, मुदत पाच वर्षे. महिन्याला ७,००० किलोमीटर.

कर्जाचा हप्ता : ६९,६००
विमा (वर्षाचा भागून) : ७,५००
कर, परमिट, फिटनेस : ३,०००
ड्रायव्हरचा पगार आणि भत्ता : २८,०००
डिझेल (लिटरला ४ किलोमीटर, दर ९० रुपये) : १,५७,५००
टोल : ४०,०००
टायर : १९,२५०
ऑइल, ग्रीस, दुरुस्ती : १०,५००
हमाली, काटा, पार्किंग व इतर : ८,०००
एकूण : ३,४३,३५०

ड्रायव्हरच्या पगाराच्या ओळीवर त्यांनी विचारले, "गाडी मीच चालवणार, मग हे कशाला?" ही ओळ खोडायची नाही. स्वतःची मजुरी शून्य धरली की तोट्यातला धंदाही फायद्यात दिसतो. मालक म्हणून काय मिळाले आणि ड्रायव्हर म्हणून काय मिळाले, हे वेगळे कळलेच पाहिजे.

यातल्या पहिल्या चार ओळी चाक फिरले नाही तरी भराव्या लागतात. त्यांची बेरीज १,०८,१०० रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे ३,६०० रुपये. लोडिंगसाठी तीन दिवस रांगेत थांबलात, की १०,८०० रुपये गेले.

एकूण खर्चाला ७,००० ने भागून मी जाहीर केले: किलोमीटरला ४९ रुपये. त्याहून जास्त भाडे मिळाले की नफा.

ते हसले. "सर, माझी गाडी जाताना भरलेली असते. येताना कोण भाडं देतं?"

माझी एक्सेल शीट तिथेच चुकली होती. शंभरातले तीस किलोमीटर रिकामे धावले, तर भाड्याचे किलोमीटर ४,९०० च उरतात. खर्च मात्र तेवढाच राहतो, कारण रिकाम्या गाडीचे डिझेल थोडे वाचले तरी हप्ता, टायर आणि पगार वाचत नाहीत. मग भरलेल्या किलोमीटरला ७० रुपये सुटले तर बरोबरी होते. ४९ आणि ७० मधले हे अंतर परतीच्या भाड्याचे आहे. ट्रक घेण्याआधी शोधायची गोष्ट तीच आहे: जिथे माल उतरवणार, तिथून परत येताना काय भरणार आणि ते कोण देणार?

"लहान शेतीचा" धडा

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा किती मोठा आहे, एवढ्यावरून तो परवडणारा की न परवडणारा हे ठरत नाही, असे त्यांनी दाखवले. भांडवल, अवजारे आणि श्रम यांचे जमिनीशी प्रमाण जुळते का, हे पाहावे लागते.

ट्रकलाही हेच लागू आहे. मोठी गाडी म्हणजे मोठा नफा, असे नाही. तिच्यामागे खेळते भांडवल हवे. डिझेल आणि टोल रोख लागतो, तर भाड्याचा मोठा भाग कधी कधी साठ दिवसांनी हातात येतो. वरच्या हिशेबात फिरण्याचा खर्च महिन्याला २,३५,२५० रुपये आहे. दोन महिन्यांचे सुमारे ४ लाख ७० हजार. शिवाय गाडी उभी राहिली तर तीन महिन्यांचा ठरलेला खर्च, सुमारे ३ लाख २४ हजार. पदरच्या ८ लाखांत हे मिळवले की गरज जवळपास १५ लाख ९४ हजारांची होते.

त्यांच्याकडे शिल्लक ९ लाख. ग्रॅच्युइटीचा नियम असा: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचे मूळ वेतन, पुढे दर वर्षी ३० दिवसांचे. मूळ वेतन १,८०० दिरहम असल्याने बारा वर्षांचे १८,९०० दिरहम होतात. दिरहमचे २३ रुपये धरले तर सुमारे ४ लाख ३५ हजार. एकूण १३ लाख ३५ हजार. म्हणजे ट्रक विकत घेता येत होता, पण चालवता येत नव्हता. कमी पडणारे सुमारे २ लाख ५९ हजार रुपये घर गहाण ठेवून उभे करायचे होते.

धम्म काय सांगतो?

अंगुत्तरनिकायात भगवंतांनी दीघजाणू या कोलीय गृहस्थाला संसारी माणसाच्या हिताच्या चार गोष्टी सांगितल्या: उद्योगात कौशल्य, मिळवलेल्याचे रक्षण, चांगल्या माणसांची संगत आणि समजीविता. समजीविता म्हणजे तराजू धरणाऱ्याप्रमाणे आवक आणि जावक ओळखून जगणे. आपले बंधू रोज गाडी काट्यावर चढवतात. त्यांना हे दोन मिनिटांत समजले. मला एक्सेल लागले.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात, चौथा अडचणीच्या काळासाठी. हप्ता फिटेपर्यंत हा चौथा भाग बाजूला पडला पाहिजे, कारण इंजिनचे काम सांगून येत नाही.

अनाथपिंडिकाला सांगितलेल्या चार सुखांत ऋणमुक्तीचे सुख आहे आणि निर्दोष वागण्याचेही. ही दोन एकमेकांना बांधलेली आहेत. हप्त्याची तारीख जवळ आली की चार टन जास्त भरायचा मोह होतो, झोप न घेता रात्र काढायचा मोह होतो. भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट आहे समोरून येणाऱ्या दुचाकीवरचे कुटुंब. कर्ज एवढेच घ्यावे की ते फेडताना शील मोडावे लागणार नाही.

जातककथांतली पहिलीच कथा, अपण्णक जातक, पाचशे गाड्यांच्या तांड्याची आहे. वाळवंट ओलांडायचे असते. भिजलेल्या केसांचा, हातात ओली कमळे घेतलेला यक्ष समोरून येतो आणि सांगतो, पुढे भरपूर पाऊस आहे, पाण्याचे ओझे कशाला वाहता? एक तांडाप्रमुख पाणी ओतून टाकतो आणि सगळ्यांसह नष्ट होतो. दुसरा आपल्या माणसांना विचारतो: ढग कुणी पाहिला? वीज कुणी पाहिली? पावसाचा वारा कुणाला लागला? कुणालाच नाही. तो पाणी ठेवतो आणि पार जातो.

"घ्या हो गाडी, भाडी खूप आहेत" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना विचारावे: कोणता माल, कोणाचा, किती दराने, पैसे किती दिवसांनी, आणि परतताना काय?

आमच्या बंधूंनी घर गहाण ठेवले नाही. ते आणखी काही काळ इथेच काम करून उरलेली रक्कम जमवणार आहेत. सुट्टीत गेले तेव्हा अकोल्याच्या एमआयडीसीत तीन ट्रान्सपोर्टवाल्यांना भेटून परतीच्या भाड्याची चौकशी करून आले. त्यांच्या वहीत आता दोन नावे आहेत. तिसरे मिळाले की गाडी बुक करू, असे म्हणतात.

ज्यांना हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी करून पाहायचा असेल, त्यांनी वंदनेनंतर जरूर भेटावे. शीट मी दुरुस्त केली आहे. रिकाम्या किलोमीटरची ओळ आता सगळ्यात वर आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.