लस टोचण्याआधी



१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली. भारतातली ती पहिली. गुरुजींनी हे सांगितले तेव्हा मी म्हणालो, "तिला कुणी विचारलं होतं का?" गुरुजी हसले. एवढ्याशा पोरीला काय कळणार म्हणा!

पण आम्हाला कळते. पहिलीत असताना मला "नुसतं बघायला चल" म्हणून नेले न् सुई टोचली. दुखलं थोडंच, फसवल्याचा राग फार आला. मग नर्सबाई दिसल्या की मी गोठ्यात लपायचो.

दहाव्या वर्षी टीडीची लस देतात, धनुर्वात व घटसर्प होऊ नये म्हणून. यंदा नर्सबाईंनी आधीच सांगितले, दंड दुखेल, कुणाला ताप येईल. धनुर्वातात जबडा कसा आवळतो तेही सांगितले. आईने होकार दिलाच होता. तरी बाईंनी मला विचारले, "घेशील ना? कोणता हात?" मी डावा दिला. उजव्याने गणिते सोडवायची होती ना!

धाकटी चिमी पुढच्या वर्षी पहिलीत येईल. आई, तू हे वाचत असशील तर तिला 'नुसतं बघायला चल' म्हणू नकोस.