गॉगल लावण्याआधी

सॅन होजे

चि. बंटीस,

ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं चित्र दाखवणाऱ्या तुझ्या गॉगलचे फोटो पाहिले. तुझ्या बाबांना वाटतंय, मी आता तुला रागावणार. ते खातं त्यांच्याकडेच राहू दे. व्यावसायिक ड्रोन उडवायला लागणारी पार्ट १०७ची परीक्षा देऊन लोकांच्या घरांची छपरं ड्रोनने तपासणारी बाई आहे मी. झाडाच्या शेंड्यावरून ड्रोन खाली झेपावला की पोटात कसा गोळा येतो, ते मला तू सांगायला नको.

छंदासाठी उडवणाऱ्यांची ‘ट्रस्ट’ परीक्षा, नोंदणी, ड्रोनवर नंबर चिकटवणं हे सगळं तू केलं असशीलच. नसेल तर आज कर. त्यावर मी कागद खर्च करत नाही. नेवार्कच्या विमानतळामुळे तुमच्या न्यू जर्सीतलं बरंच आकाश नियंत्रित आहे, तेव्हा उडवण्याआधी अ‍ॅपमध्ये जागा बघायची आणि परवानगी लागत असेल तर घ्यायची. चारशे फुटांच्या वर जायचं नाही.

आता मुद्द्याचं. गॉगल घालायला इथल्या, अमेरिकेतल्या, कायद्याची ना नाही. छंद म्हणून उडवणाऱ्याला अट एवढीच, की ड्रोन कुणाच्या तरी उघड्या डोळ्यांना सतत दिसला पाहिजे. तुझे डोळे झाकलेले असतील, तर तुझ्या शेजारी उभं राहून तुझ्याशी थेट बोलू शकेल असा निरीक्षक हवा. चष्मा चालतो, दुर्बिणीतून बघत बसणं चालत नाही. टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात ती मागे टांगेवाला उघड्या डोळ्यांनी बसलेला असतो म्हणून. निरीक्षक नसताना गॉगल लावणं म्हणजे टांगेवाल्याशिवाय घोडा रस्त्यावर सोडणं. गॉगलमध्ये तुला फक्त ड्रोनच्या नाकासमोरचं दिसतं. बाजूने, वरून, मागून काय येतंय ते त्या कॅमेऱ्याला ठाऊकच नसतं.

यावर तुझं उत्तर मला माहीत आहे. ‘आत्या, एवढ्या खाली विमानं येतात कुठे?’ विमानं नाही, हेलिकॉप्टरं येतात, आणि तुमच्या भागात तर भरपूर. २१ सप्टेंबर २०१७ची गोष्ट आहे, तुझ्या घरापासून फार लांबची नाही. स्टेटन आयलंडच्या पूर्वेला, साधारण तीनशे फुटांवर, लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला एक फँटम ४ ड्रोन धडकला. उडवणारा अडीच मैल दूर होता आणि पडद्यावर बघून उडवत होता. पात्याला दीड इंचाचा खड्डा पडला, हेलिकॉप्टर न्यू जर्सीतल्याच लिंडेनला सुखरूप उतरलं. हेलिकॉप्टरमध्ये अडकलेल्या ड्रोनच्या तुकड्यावरून तपास करणारे त्या माणसापर्यंत पोचले, तेव्हा कुठे त्याला टक्कर झाल्याचं कळलं! तोवर त्याची समजूत अशी, की ड्रोन बिघडून पाण्यात पडला. २०२५च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला ड्रोन धडकून भोक पडलं, तिथेही तेच. ड्रोन अडीच हजार मीटर लांब गेलेला आणि मालकाच्या नजरेआड झालेला. दोघांच्याही हातात चित्र होतं, आकाश नव्हतं.

म्हणून निरीक्षक निवडताना गॉगल निवडलेस त्याच्यापेक्षा जास्त वेळ लाव. तुझा रूममेट ‘हो हो, बघतो’ म्हणेल आणि दोन मिनिटांत फोनमध्ये डोकं घालेल. त्याहून वाईट म्हणजे, त्याच्यासाठी गॉगलची दुसरी जोडी आणशील. मजा दोघांना, आणि बघणारा कुणीच नाही. तो गॉगल तिसऱ्याला दे, निरीक्षकाला देऊ नकोस.

निरीक्षकाला लायसन्स लागत नाही, पण काम नीट समजावून सांगावं लागतं. आधी त्याला शेजारी उभं करून तू गॉगलशिवाय ड्रोन हळूहळू लांब ने आणि विचारत जा: नाक कुठे आहे, तुझ्याकडे येतोय की लांब जातोय? ठिपका बराच वेळ दिसत राहतो, पण त्याचं तोंड कुठे आहे ते खूप आधी कळेनासं होतं. जिथे त्याचं उत्तर चुकलं, तिथे त्या दिवसाची तुझी हद्द संपली. ढगाळ दिवशी ती आणखी अलीकडे येईल. नुसत्या ड्रोनवर नजर खिळवून ठेवू नकोस, आवाज आला की मान वळव, हेही त्याला सांग. बोलायचे शब्द आधी ठरवा. ‘अरे ते बघ’ याचा गॉगलमधल्या माणसाला काडीचा उपयोग नाही. ‘डावीकडून हेलिकॉप्टर, खाली घे’ असं हवं. आणि तो ‘उतर’ म्हणाला की उतरायचं. का, ते जमिनीवर आल्यावर विचारायचं.

निरीक्षक असला म्हणून ड्रोन लांब न्यायची मुभा मिळते, असं काही मुलं समजतात. तो शेजारीच उभा असतो, मग त्याची नजर तुझ्यापेक्षा लांब कशी पोचेल? झाडामागे ड्रोन गेला की त्यालाही दिसत नाही, आणि बहुतेक वेळा तुझं चित्रही तिथेच फुटतं.

तुमच्या मंडळाच्या गणपती मिरवणुकीचं शूटिंग करशील का, असं कुणीतरी विचारणारच. पैसे घेतले नाहीत तरी संस्थेचं काम हा छंद धरला जात नाही. त्याला पार्ट १०७ लागतं, आणि खाली माणसांची गर्दी हा आणखी वेगळा प्रश्न. सरळ नाही म्हण. त्यांना वाईट वाटलं तर माझं नाव सांग.

आणि दिवाळीत पुण्याला जाताना ड्रोन बॅगेत टाकू नकोस. परदेशी ड्रोन भारतात आणायला २०२२पासून बंदी आहे. कस्टमवाल्यांशी वाद घालत बसशील आणि फराळाच्या वेळेला घरी पोचणार नाहीस.

पार्ट १०७चा अभ्यास करायचा मनात असेल तर माझ्या वह्या पाठवते. अक्षर वाईट आहे, पण नकाशे वाचायचा भाग चांगला उतरवलाय. निरीक्षक कोण ठरला ते कळव, एकदा त्याच्याशी फोनवर बोलेन म्हणते.

तुझी आत्या