एसी गार होईना? गॅस भरण्याआधी तीन तारा मोजा

मार्चअखेरीला गॅरेजमध्ये गाडी नेऊन ‘एसी गार करत नाही’ म्हटलं, की समोरून हमखास उत्तर येतं, ‘गॅस कमी झालाय साहेब, टाकून देतो.’ दीड-दोन हजारांत भागतंय म्हणून आपणही मान डोलावतो. गॅस खरोखर कमी असेल तर ठीकच. पण कॉम्प्रेसर मुळात उचलतच नसेल, किंवा हायवेवर गार आणि सिग्नलला थांबलं की गरम असा प्रकार असेल, तर गॅसवर संशय घेण्याआधी प्रेशर सेन्सरकडे पाहायला हवं. अंगठ्याएवढा हा भाग किंवा त्याला जाणाऱ्या तीन तारांपैकी एखादी बिघडली, तरी अख्खा एसी बंद पडतो. हे शोधून काढायला साधारण हजार रुपये लागतात. न शोधता एकेक भाग बदलत गेलात, तर आकडा पंचवीस-तीस हजारांवर जायला वेळ लागत नाही.

हा सेन्सर बोनेटखाली, एसीच्या जास्त दाबाच्या बाजूला असतो. बहुतेक गाड्यांत कंडेन्सरकडून एक्स्पान्शन व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या बारीक पाइपवर, काहींत ड्रायरजवळ. पाइपमधला दाब मोजून तो ईसीयूला, म्हणजे गाडीच्या संगणकाला, कळवत राहतो. दाब साधारण २ बारच्या खाली गेला तर गॅस गळून गेलाय असं ईसीयू धरतो. गॅसच नसेल तर त्याच्याबरोबर फिरणारं तेलही कॉम्प्रेसरला मिळत नाही आणि तो जाम होतो. दाब ३० बारच्या आसपास पोचला तर पाइप आणि जोड धोक्यात येतात. दोन्ही वेळा ईसीयू कॉम्प्रेसरचा क्लच सोडून देतो. पुढचा पंखा किती वेगाने फिरवायचा हेही बऱ्याच गाड्यांत याच आकड्यावर ठरतं. त्यामुळे सेन्सरने खोटा आकडा सांगितला की पंखा वेळेवर वेग घेत नाही, आणि गाडी उभी असताना एसी तापतो. जुन्या गाड्यांत सेन्सरच्या जागी साधा प्रेशर स्विच असतो. तो आकडा सांगत नाही, फक्त चालू किंवा बंद होतो. त्याची तपासणी सोपी, किंमतही कमी.

पहिली तपासणी घरच्या पार्किंगमध्ये होते. ब्लूटूथवर चालणारं ओबीडी यंत्र, म्हणजे गाडीचे आकडे आणि कोड वाचणारा स्कॅनर, ऑनलाइन पाचशे ते दीड हजारात मिळतं. त्यावरचं ॲप तुमच्या गाडीचा एसी प्रेशर दाखवतं का, एवढं आधी पाहून घ्या, कारण स्वस्त यंत्रांत बऱ्याचदा फक्त इंजिनचे आकडे येतात. रात्रभर बंद असलेली गाडी सकाळी सुरू न करता नुसतं इग्निशन ऑन करा. रात्रभरात एसीच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा झालेला असतो आणि तो केवळ हवेच्या तापमानावर ठरतो. आर-१३४ए गॅस असेल तर २५ अंशांना सुमारे ८२ पीएसआय, ३० अंशांना सुमारे ९७, ३५ अंशांना सुमारे ११४. तुमच्या गाडीत कोणता गॅस आहे आणि किती ग्रॅम, हे बोनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं.

आता स्क्रीनवरचा आकडा या आसपास असेल तर सेन्सरची गोष्ट बहुधा सोडून द्यायची आणि क्लच, रिले, फ्यूज, पंखा यांच्याकडे वळायचं. आकडा चारशेच्या वर असेल तर विजेचा दोष जवळजवळ नक्की. गाडी रात्रभर बंद असताना चारशे पीएसआय येणार कुठून? पण वीस-तीस दिसत असेल, तर सेन्सर खरं बोलतोय आणि गॅस गळालाय अशीच शक्यता जास्त; पार शून्य असेल तर गॅस पूर्ण गळालेला किंवा विजेचा दोष, दोन्ही शक्य. ती खात्री गॅरेजच्या गेजने होते. गेज आणि स्क्रीन जुळले तर गळती शोधायची, नाही जुळले तर सेन्सर किंवा वायरिंग. एक मेख मात्र आहे. थंड गाडीत दाब बरोबर आला म्हणजे गॅस पुरेसा आहे असं होत नाही. पाइपमध्ये थोडा जरी द्रवरूप गॅस उरला असला तरी दाब तेवढाच दिसतो.

स्कॅनरवर कोड आला असेल तर तो लिहून घ्या. पी ०५३० म्हणजे सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष, पी ०५३१ म्हणजे आकडा पटत नाही, पी ०५३२ म्हणजे सिग्नल फार कमी, पी ०५३३ म्हणजे फार जास्त. यातला एकही कोड ‘सेन्सर बदला’ असं सांगत नाही. गॅरेजवाला मात्र कोड पाहिल्या पाहिल्या सेन्सरची किंमत सांगू लागतो. माझ्या मते खरी पारख इथेच होते: जो आधी मल्टीमीटर काढतो, त्याच्याकडे गाडी ठेवावी.

सेन्सरच्या कपलरमध्ये बहुधा तीन तारा येतात. एकीवर ईसीयूकडून ५ व्होल्ट, दुसरी अर्थ, तिसरी सिग्नल. कपलर काढून इग्निशन ऑन केल्यावर पहिल्या तारेवर ५ व्होल्टच्या जवळ आकडा यायला हवा. तिथे काहीच नसेल, तर सेन्सर नवा घालून उपयोग नाही. काही गाड्यांत हेच ५ व्होल्ट इंजिनच्या इतर सेन्सरनाही जातात. त्यामुळे एसीबरोबर इंजिनचाही दिवा लागला असेल तर इलेक्ट्रिशियनला आवर्जून सांगा. पाच व्होल्टच्या आणि अर्थच्या तारेत मीटर धरूनही ५ व्होल्ट आले, तर अर्थ ठीक. मग कपलर जोडून मागच्या बाजूने सिग्नलची तार मोजायची. तिथे साधारण अर्धा ते साडेचार व्होल्ट असायला हवेत, आणि एसी चालू झाल्यावर दाब चढेल तसा आकडा चढायला हवा. शंका उरलीच, तर जाणकार माणूस कपलर काढून सिग्नलच्या तारेला रेझिस्टरमधून ५ व्होल्ट देऊन पाहतो. स्क्रीनवरचा दाब वर उसळला तर तार आणि ईसीयू शाबूत, दोष सेन्सरचा. या सगळ्याला अर्धा तास लागतो.

आपल्याकडे या तारा बिघडायची कारणं ठरलेली. पावसाळ्यात बोनेटखाली मुक्कामाला आलेले उंदीर, प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुतल्यावर कपलरमध्ये शिरलेलं पाणी, आणि पुढच्या बंपरचं काम करताना चेपलेली किंवा ताणलेली वायर. कपलर उघडल्यावर पिनांवर हिरवट थर दिसला तर अर्धं काम झालंच. कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने कधी कधी एसी तिथेच सुरू होतो.

खर्च कुठे किती

पुण्यातले छोट्या आणि मध्यम गाड्यांचे हे अंदाजी दर आहेत. मॉडेलप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे इकडेतिकडे होतील. स्कॅन करून कोड आणि दाब पाहायला ३०० ते १,०००. इलेक्ट्रिशियनकडून तारा मोजून एखादी जोडून घ्यायला ३०० ते ८००, नवा कपलर लागला तर आणखी १५० ते ५००. उंदरांनी बरीच वायरिंग खाल्ली असेल तर हिशेब दीड-दोन हजारांपासून सुरू होतो. सेन्सर नाना पेठेत ८०० ते २,०००, कंपनीचा १,५०० ते ४,५००. युरोपियन गाड्यांचा याच्या दुप्पटही सांगतात. पक्क्या बिलावर जीएसटी १८ टक्के, २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांनाही तोच दर आहे.

मजुरीत एक गोष्ट विचारून घ्या. बऱ्याच गाड्यांत सेन्सरखाली टायरसारखा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे गॅस न काढता सेन्सर बदलता येतो. असं असेल तर मजुरी तीन-पाचशेच्या पुढे जायचं कारण नाही. व्हॉल्व्ह नसेल तर गॅस काढणं, नवा ओ-रिंग, व्हॅक्यूम आणि वजन करून गॅस भरणं, असे १,५०० ते ३,००० वाढतात. छोट्या गाडीत जेमतेम चार-पाचशे ग्रॅम गॅस मावतो, त्यामुळे काट्यावर न मोजता अंदाजाने भरणाऱ्याकडे जाऊ नये. जास्त भरला तर दाब चढून कॉम्प्रेसर पुन्हा बंद होतो, आणि नव्याकोऱ्या सेन्सरला दोष लागतो.

‘डायरेक्ट करून देतो’ हा सगळ्यात स्वस्त वाटणारा आणि सगळ्यात महागात पडणारा पर्याय. जुन्या दोन तारांच्या स्विचमध्ये वायरचा तुकडा टाकला की कॉम्प्रेसर उचलतो, पण गॅस गळाला तरी त्याला थांबवणारं कोणी उरत नाही. जाम झालेला कॉम्प्रेसर १२,००० ते ३०,०००, शिवाय त्यातला चुरा पाइपभर पसरला तर कंडेन्सर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हही बदलावे लागतात. तीन तारांच्या सेन्सरमध्ये असली जोडाजोड केली तर ईसीयूलाच धक्का बसू शकतो.

गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर तार कापू देऊ नका, थेट सर्व्हिस सेंटरला न्या. वॉरंटी संपली असेल तर तपासणी आणि दुरुस्तीचा दर आधीच वेगवेगळा विचारा, आणि दुरुस्ती केली नाही तरी तपासणीचे पैसे देईन असं स्वतःहून सांगा. फुकट तपासणाऱ्याला पैसे भागातूनच काढावे लागतात. सुट्या भागांचे दुकानदार विजेचा भाग सहसा परत घेत नाहीत, म्हणून तारा मोजून होईपर्यंत सेन्सर विकत घेऊ नका. बिलावर कोड, दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा दाब, भरलेल्या गॅसचे ग्रॅम एवढं लिहून मागा, आणि जुना सेन्सर घरी आणा. पुढे वाद झालाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करताना हाच कागद उपयोगी पडतो.