साडीची पिशवी, तळ्याचा गाळ

प्रश्न : जुन्या साड्यांच्या पिशव्या विकून आमच्या बचत गटाला गावतळ्यातला गाळ काढायचाय. किंमत किती ठेवावी?

उत्तर : साडी फुकट मिळाली तरी शिलाई फुकट नसते. आधी शिवणाऱ्या बाईची मजुरी, मग धुलाई-दोरा. त्यावर उरेल ते तळ्याचं. ‘समाजकार्य’ म्हणून मजुरी बुडवणारे गट फार टिकत नाहीत. साडेपाच मीटरच्या सुती साडीतून विरलेला भाग वगळता दहाएक पिशव्या निघतात. बंद काठाचेच करा, तिथली वीण घट्ट असते. जॉर्जेट भाजीला नको, फार घसरतं. आणि गाळ वाहून नेण्यावर खर्च करू नका. सुपीक गाळ शेतकरी स्वखर्चाने नेतात, सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये त्यावरच सुरू झाली. तुमचा पैसा जेसीबीच्या भाड्याला ठेवा.