घरासाठी कर्ज घेताना व्याजाच्या दराआधी काय पाहावे?

पुण्यात, नागपुरात किंवा औरंगाबादेत मुलासाठी घर घ्यायचे, हा प्रश्न आता दिग्रससारख्या गावातल्या दुकानदारांच्या घरातही आला आहे. मुले शिकली, नोकरीला शहरात गेली, तिथेच स्थिरावली. घर मात्र आपल्या इथल्या भावात मिळत नाही. माझा पुतण्या पुण्यात नोकरीला आहे. मागच्या वर्षी तो चार संस्थांची पत्रके घेऊन दुकानात आला, गादीवर पसरली आणि म्हणाला, "बडे अब्बा, यातले सगळ्यात स्वस्त कोणते ते सांगा." फ्लॅटची किंमत ६० लाख होती.

मी कापडाचा धंदा करणारा माणूस आहे. उर्दू शाळेत शिकलो, बँकेच्या कागदांतली भाषा उशिरा समजली. पण भाव विचारताना मीटरमागे किती, पन्हा किती, धुतल्यावर किती आटणार, हे विचारायची सवय आहे. कर्जालाही तेच प्रश्न विचारता येतात. पुतण्याबरोबर बसून जो हिशेब केला तोच इथे वाचकांपुढे ठेवतो.

आधी बँक किती देते ते पाहू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरच्या कर्जात ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. म्हणजे ६० लाखांच्या फ्लॅटला बँक फार तर ४८ लाख देईल. १२ लाख आपले. मुद्रांक शुल्क पुणे शहरात अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. हे खर्च एवढ्या किमतीच्या घरात कर्जात धरले जात नाहीत, ते खिशातूनच जातात. इमारत बांधकामाखाली असेल तर ५ टक्के जीएसटी, आणखी ३ लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी नाही. घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतल्यास महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. इथे ती ६० हजारांची होते. आपल्याकडे बऱ्याच घरांत हा विचारच होत नाही.

आणि करारात किंमत कमी दाखवून बाकीचे रोख देण्याचा प्रकार कोणी सुचवला तर लक्षात ठेवा, बँक करारातल्या किमतीवरच कर्ज मोजते. जितके रोख द्याल तितके कर्ज कमी मिळेल. शिवाय तो व्यवहार बेकायदा आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता दराकडे येऊ. आकडे सोपे राहावेत म्हणून २० लाखांचे कर्ज धरतो. ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो. एकूण परतफेड ४३ लाख १९ हजार, म्हणजे व्याजच २३ लाखांच्या वर. तेच १५ वर्षांत फेडले तर हप्ता २०,२८५ आणि व्याज साडेसोळा लाख. १० वर्षांत फेडले तर हप्ता २५,३३५ आणि व्याज १० लाख ४० हजार. आता दुसरी बाजू पाहा. दर अर्धा टक्का कमी, म्हणजे साडेआठ मिळाला आणि मुदत २० वर्षेच ठेवली, तर हप्ता १७,३५६ होतो आणि पूर्ण मुदतीत दीड लाख वाचतात. अर्ध्या टक्क्यासाठी आपण चार बँकांच्या पायऱ्या झिजवतो, आणि पाच वर्षे कमी केल्याने वाचणारे पावणेसात लाख सही करताना सोडून देतो. एजंट "हप्ता बसतो का?" एवढेच विचारतो. मुदत जितकी लांब, हप्ता तितका छोटा आणि त्याची विक्री तितकी सोपी.

दर कोणत्या पद्धतीने लावला आहे, हे विचारणे त्याहून महत्त्वाचे. यात मी स्वतः फसलो आहे. २०११ साली दुकानाच्या वरच्या मजल्यासाठी एका संस्थेकडून ५ लाख घेतले होते. दर ९ टक्के सांगितला, मला तो बँकेपेक्षा बरा वाटला. तो सपाट दर होता, म्हणजे दहा वर्षे पूर्ण ५ लाखांवर व्याज. साडेचार लाख व्याज मिळवून साडेनऊ लाख, त्याचे १२० हप्ते, दर हप्ता ७,९१७. उतरत्या शिलकीच्या पद्धतीने पाहिले तर हा हप्ता जवळजवळ साडेचौदा टक्क्यांच्या कर्जाचा आहे. चौथ्या वर्षी हातात पैसे आले, एकरकमी भरायला गेलो, तेव्हा कळले की आधी भरल्याने व्याज काही कमी होत नाही. म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा: व्याज उतरत्या मुद्दलावर आहे की मूळ रकमेवर? उत्तर तोंडी घेऊ नये.

बँकांचे बदलते दर १ ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या मापाशी, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, जोडलेले आहेत आणि निदान तीन महिन्यांतून एकदा ते बदलावे लागतात. हाउसिंग फायनान्स कंपन्या, पतसंस्था आणि नागरी सहकारी बँकांना हा नियम लागू नाही. त्यांचे माप त्यांच्याच हातात असते. रेपो खाली आला तरी तिथल्या जुन्या कर्जदाराचा दर खाली येईलच असे नाही. बँकेतही रेपोवर किती टक्के जास्त लावले आहेत ते विचारून लिहून घ्या. नव्या गिऱ्हाइकाला ही वाढ कमी आणि जुन्याला जास्त, असे सर्रास घडते.

दर वाढले की काय होते ते २०२२ साली दिसले. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. समजा कोणी ७ टक्क्यांनी २० लाख, २० वर्षांसाठी घेतले. हप्ता १५,५०६. वर्षभर हप्ते भरून मुद्दल १९ लाख ५२ हजारांवर आले आणि मग दर साडेनऊ झाला. आता एका महिन्याचे व्याजच १५,४५७ होते. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जेमतेम ५० रुपये जातात! कित्येकांचे असेच झाले. हप्ता बदलला नाही म्हणून ते निश्चिंत होते आणि आत मुदत वाढत गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, याची निवड कर्जदाराला दिली पाहिजे. २०२५ च्या फेब्रुवारी ते जून या काळात रेपो परत साडेपाचवर आला. तेव्हा हप्ता कमी करून न घेता तोच चालू ठेवला असेल तर मुदत आटली असेल. आपल्या खात्याचे विवरण काढून "शिल्लक महिने" हा रकाना वर्षातून एकदा पाहावा.

कागद आला की त्यात पाहायचे काय? १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य बाबींचा तक्ता, ज्याला की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात, देणे बंधनकारक आहे. त्यात प्रक्रिया शुल्क, विमा, वकिलाची फी असे सगळे धरून वार्षिक दर किती पडतो तो आकडा असतो. चार संस्थांचे चार तक्ते शेजारी ठेवा आणि हा आकडा व "एकूण परतफेड" हे दोनच रकाने जुळवा. कर्जात एकरकमी विम्याचा हप्ता घातलेला असतो, त्यावरही वीस वर्षे व्याज चढते. विमा नको असे माझे म्हणणे नाही. तो कुठून घ्यायचा हे आपण ठरवायचे.

आपल्या लोकांची खरी अडचण वेगळीच आहे. नोकरदाराला पगारपत्रक असते, दुकानदाराला किंवा कारागिराला विवरणपत्र लागते. समजा तुमची उलाढाल ४० लाख आहे आणि छोट्या व्यापाऱ्यांच्या सवलतीत तुम्ही ८ टक्के नफा दाखवता, म्हणजे वर्षाला ३ लाख २० हजार, महिन्याला २६,६६७. बँकेने यातले अर्धे हप्त्यासाठी धरले तर ९ टक्के दराने २० वर्षांसाठी जास्तीत जास्त साडेचौदा-पंधरा लाख बसतात. प्रत्यक्ष घरखर्च यापेक्षा जास्त आहे, सगळ्यांना माहीत आहे, पण कागद बोलत नाही. मग माणूस "कागद नसले तरी चालेल" म्हणणाऱ्या कंपनीकडे जातो आणि तीन-चार टक्के जास्त दराने कर्ज घेतो. कर वाचवला त्याच्या कितीतरी पट व्याजात गेले. घर घ्यायचे असेल तर तीन वर्षे आधीपासून खरा नफा दाखवा, विक्रीचे पैसे चालू खात्यातून फिरवा, गुमास्ता परवाना आणि जीएसटीचे विवरण वेळेवर ठेवा. शिंपी, सुतार, रंगारी भावांनीही मजुरीचा निदान काही भाग खात्यात घ्यावा.

व्यापाऱ्याला एक सोय मात्र नोकरदारापेक्षा जास्त आहे. आपल्याकडे पैसा हंगामात येतो, ईद, दिवाळी आणि लग्नसराईत. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीपूर्वी भरल्याचा दंड बँकांना २०१२ पासून घेता येत नाही. वरच्याच २० लाखांच्या कर्जात दरवर्षी हंगामानंतर ५० हजार जादा भरले तर ते २० ऐवजी १३ वर्षांच्या आत संपते आणि व्याजाचे सुमारे साडेनऊ लाख वाचतात. भरताना "मुदत कमी करा" असे लिहून द्यावे, नाहीतर हप्ता कमी करून टाकतात. स्टेट बँकेच्या मॅक्सगेनसारख्या ओव्हरड्राफ्ट पद्धतीच्या गृहकर्जात तर खात्यात पडून असलेल्या रकमेवर तेवढे दिवस व्याज लागत नाही आणि माल भरायला ती परत काढता येते. दर किंचित जास्त असतो. ज्याच्या हातात पैसा टिकत नाही त्याने हा मार्ग घेऊ नये, काढलेला पैसा परत जात नाही.

इथपर्यंत हिशेब झाला. पण आपल्या घरात त्याआधीचा सवाल असतो, तो व्याजाचाच. माझ्या २०११ च्या कर्जाबद्दल हा सवाल माझ्या मनातून अजून गेलेला नाही. १९९९ साली युरोपातल्या फतवा व संशोधन परिषदेने तिथल्या मुसलमानांना, दुसरा उपाय नसेल आणि राहण्यासाठी दुसरे घर नसेल तर, फक्त राहत्या घरापुरती मुभा दिली. त्यावरही अनेक आलिमांनी मतभेद नोंदवला. तो निर्णय तिथल्या परिस्थितीचा होता. आपण आपल्या आलिमांना आपली स्थिती खरी खरी सांगून विचारावे. कापडवाल्याने त्यात निकाल देऊ नये.

घटत्या भागीदारीची पद्धत ब्रिटनमध्ये चालते. बँक आणि गिऱ्हाईक मिळून घर घेतात, गिऱ्हाईक बँकेच्या हिश्श्याचे भाडे देत देत तो हिस्सा विकत घेत जातो. त्यात घराची विक्री दोनदा होते, म्हणून मुद्रांक शुल्कही दोनदा लागे. २००३ साली तिथल्या सरकारने कायदा बदलून ते एकदाच केले, तेव्हा ही पद्धत परवडू लागली. आपल्याकडे तशी सूट नाही. आणि रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये इस्लामी बँकिंगची खिडकी उघडण्याचा विचार सोडून दिला. त्यामुळे "हलाल गृहकर्ज" म्हणून कोणी आले तर कोणाचा परवाना, कोणाच्या नावावर घर, हे आधी विचारा. बंगळुरूच्या आयएमएने २०१९ साली हलाल नफ्याच्या नावाखाली हजारो घरांच्या ठेवी बुडवल्या. त्यात आपल्यासारखेच छोटे दुकानदार होते.

व्याज टाळायचे असेल तर भाड्याचा हिशेब लाजेचा मानू नये. मोठ्या शहरात वर्षाचे भाडे घराच्या किमतीच्या साधारण ३ टक्क्यांच्या आसपास पडते. ६० लाखांच्या घराचे महिन्याला १५ हजार धरा. ४८ लाखांच्या कर्जाचा ९ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता ४३,१८७ येतो. पुतण्याची नोकरी दोन वर्षांची, पगारातून हा हप्ता निघाला असता पण दुसरे काही निघाले नसते. आम्ही ठरवले की तूर्त भाड्याने राहायचे आणि फरकाची रक्कम बाजूला टाकायची. घराच्या किमती तोवर वाढतील, असे त्याची आई म्हणते. तेही खोटे नाही. मी म्हटले, वाढल्या तर लहान घर घेऊ.

गावाकडे बांधणाऱ्यांसाठी दोन शब्द. दिग्रस, पुसद, दारव्हा भागात प्लॉट गुंठेवारीचा किंवा नझूलचा असतो. अकृषक आदेश किंवा गुंठेवारी नियमित केल्याचा कागद नसेल तर बँक दारातूनच परत पाठवते. ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करण्याची तरतूद २०२१ च्या दुरुस्तीने झाली आहे, नगरपरिषदेत चौकशी करावी. नझूल पट्ट्याला गहाण ठेवण्याची परवानगी लागते का ते विसार देण्याआधी पाहा, नंतर विसार अडकतो.

कर्ज फिटले की काम संपले असे समजून लोक घरी बसतात. १ डिसेंबर २०२३ पासून नियम आहे की पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. कागद मिळाल्यावर ना-देय दाखला घेऊन सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरचा बोजा उतरवून घ्यावा. माझ्या वरच्या मजल्यावरचा बोजा कर्ज फिटल्यावर तीन वर्षांनी, वाटणीच्या वेळी लक्षात आला.