जुलैतल्या मंगळवारचं घर

पनवेलमध्ये घर बघायला माणसं बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत येतात, तीही रविवारी सकाळी आणि गाडीने. हवा कोरडी असते, रस्ता मोकळा असतो, सँपल फ्लॅटमधला एसी चालू असतो आणि बाल्कनीतून प्रबळगडाची रांग किंवा कर्नाळ्याचा सुळका दाखवता येतो. राहायचं मात्र असतं जुलैतल्या मंगळवारी. सकाळी लोकल गाठायची, डबे भरायचे, ओल्या कपड्यांच्या दोन बादल्या कुठेतरी वाळत घालायच्या, संध्याकाळी छत्री सावरत रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं. या दोन दिवसांत जेवढं अंतर, तेवढी घर घेतल्यावरची चिडचिड, असं माझं मत आहे, आणि पनवेलइतकी या मताची साक्ष देणारी गावं महाराष्ट्रात थोडी असतील. पनवेलमध्ये गेली दोन दशकं घरं विकली गेली ती येणाऱ्या काळाच्या नावावर. ज्याला राहायचं आहे त्याने आपल्या सर्वांत साध्या आणि सर्वांत गैरसोयीच्या दिवसावर घर पारखून घ्यावं, एवढंच मला सांगायचं आहे. बाकीचं सगळं या एका गोष्टीतूनच निघतं.

विमानतळाचंच घ्या. नवी मुंबई विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी मिळाली २००७ मध्ये, भूमिपूजन झालं फेब्रुवारी २०१८ मध्ये आणि उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी. पहिल्या बातमीवर विसंबून ज्यांनी घर घेतलं, त्यांच्या वीस वर्षांच्या गृहकर्जाचे बहुतेक हप्ते विमान उडण्याआधीच फिटले. तेव्हा कडेवर असलेलं पोर आता कॉलेजात जातं. यावर लगेच उत्तर येतं की शेवटी विमानतळ आला ना, आणि भावही चढले ना! दोन्ही खरं आहे. पण चढलेला भाव हातात येतो घर विकल्यावर, आणि राहतं घर माणूस विकत नाही; विकलंच तर शेजारचं घ्यायला तोच चढलेला भाव मोजावा लागतो. ज्याला दुसरं घर गुंतवणूक म्हणून घ्यायचं आहे त्याने भविष्याचा हिशेब जरूर करावा. राहणाऱ्याचा हिशेब वेगळा आहे. त्याने प्रत्येक सोयीपुढे एकच प्रश्न ठेवावा: ही आज आहे का? पाणी आज आहे का, शाळेची बस आज इथपर्यंत येते का, रात्री साडेदहाच्या लोकलने उतरल्यावर रिक्षावाला इकडे यायला तयार होतो का? नैना क्षेत्रातल्या, म्हणजे विमानतळाच्या प्रभावक्षेत्रातल्या, नव्या वस्त्यांत इमारती आधी उभ्या राहतात आणि जलवाहिनी, गटार, रस्ता मागाहून येतात. ते येतील. आपला दिनक्रम तोवर थांबत नाही.

मग जमीन. पनवेल हे पावसाचं गाव आहे. गाढी, काळुंद्रे, कासाडी या नद्या खाडीला मिळतात त्या तोंडाशी ही सगळी वस्ती पसरलेली आहे, आणि कळंबोली-कामोठ्याचा बराच भाग तर खाजणात भराव घालूनच उभा राहिला. जोराचा पाऊस आणि भरतीची वेळ एक झाली की पाण्याला जायला वाट उरत नाही. म्हणून तर नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने आपल्या नोडांत, म्हणजे उपनगरांत, पाणी साठवणारे धारण तलाव बांधले. २६ जुलै २००५ ला पनवेलने जे पाहिलं ते जुन्या माणसांना विचारावं. कुठल्या गल्लीत किती पाणी होतं हे ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात, आणि ही माहिती कुठल्याही माहितीपत्रकात मिळत नाही. आमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे, आम्हाला काय पाण्याचं, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी खाली उतरून दोन गोष्टी बघाव्यात. मीटरची खोली कुठे आहे आणि जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण किती उंचीवर आहे. मीटरच्या खोलीत पाणी शिरलं की सातवा मजलाही अंधारात बसतो, लिफ्ट थांबते, पंप बंद पडतो. टाकीचं झाकण पार्किंगच्या फरशीबरोबर असेल तर रस्त्यावरचं गढूळ पाणी थेट पिण्याच्या पाण्यात जातं. हे तपासायला इंजिनीअर लागत नाही, वाकून बघायची तयारी लागते.

वासाचंही तसंच. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. कासाडीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेलं आहे, आणि २०१७ मध्ये तिथली निळी पडलेली कुत्री देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकली होती. तळोजा, खारघर, कळंबोली, रोडपाली या बाजूला घर बघताना दिवसाढवळ्या एक फेरी पुरत नाही. रात्री अकरानंतर एकदा, पहाटे एकदा जाऊन उभं राहावं. उग्र वास असेल तर तो त्याच वेळी जाणवतो, आणि आपण घरात असतो तेही त्याच वेळी.

आता घराच्या आत येऊ. इथला पाऊस नैऋत्येकडून येतो आणि वाऱ्यावर आडवा होऊन येतो. जुन्या पनवेलमधल्या कौलारू घरांना ही दिशा ठाऊक होती. पुढे पडवी, छपराची खोल वळचण, भिंतीला पावसाचा थेंब लागणार नाही अशी सगळी रचना. आजच्या टॉवरला दर्शनी भाग सपाट दिसायला हवा असतो, म्हणून खिडकीवरचा छज्जा गेला. छज्ज्याशिवायची पश्चिमेची खिडकी पावसाळ्यात उघडता येत नाही. उन्हाळ्यात दुपारी तीननंतर त्याच खिडकीतून आग येते. त्यात सरकत्या काचेच्या खिडकीचा अर्धाच भाग उघडतो आणि खालच्या पट्टीत पाणी साचतं. पट्टीला पाणी बाहेर जाण्याची भोकं आहेत की नाहीत, असली तर रंगाने बुजली आहेत का, हे ताबा घेतानाच बोट लावून बघावं. नाहीतर पहिल्याच झोडपणीत ते पाणी आत, गादीवर येतं. वास्तुशास्त्र मानणारे म्हणतील की दिशा आम्ही बघतोच. बघतात, पण दाराची बघतात. दार दिवसातून चारदा उघडतं. ऊन, वारा आणि पाऊस येतात खिडकीतून, तेव्हा श्रद्धा जपूनही खिडक्यांची दिशा पाहायला हरकत कोणाची असणार आहे?

कपडे वाळत घालण्याचा प्रश्न मी मुद्दाम लांबवून मांडतो, कारण घराच्या नकाशात त्याच्याइतका दुर्लक्षित प्रश्न नाही. चार माणसांच्या घरात रोजचे कपडे, टॉवेल, शाळेचा गणवेश आणि पावसात भिजून आलेलं सगळं मिळून दोन-तीन दोऱ्या सहज भरतात, आणि जुलैत ते वाळायला दोन दिवस लागतात. म्हणजे चार ते सहा दोऱ्यांची जागा हवी, छप्पर असलेली आणि वारा असलेली. स्वयंपाकघराला लागून जी ड्राय बाल्कनी दाखवतात तिची रुंदी बहुतेकदा वॉशिंग मशीन ठेवल्यावर संपते. मग दोऱ्या हॉलमध्ये येतात, पंख्याखाली. ज्या हॉलच्या फॉल्स सीलिंगवर लाखभर रुपये खर्च केले, त्याच्या दिव्यांतून बनियनं लोंबतात. हे हास्यास्पद वाटतं, पण पनवेलमधल्या अर्ध्या घरांचं पावसाळ्यातलं चित्र हेच आहे आणि ते नकाशावर पाच मिनिटं घालवून टाळता येण्यासारखं होतं. दोन फ्लॅटमध्ये निवड करायची असेल तर मी दहा चौरस फुटांनी लहान हॉल पत्करेन आणि छप्पर असलेली लांबट ड्राय बाल्कनी घेईन.

चौरस फुटांचा विषय निघालाच आहे. घरबांधणी व्यवसायावर नियंत्रण ठेवणारा रेरा कायदा आल्यापासून कार्पेट एरियाची व्याख्या पक्की झाली, हे मोठंच काम झालं. सुपर बिल्ट-अपच्या आकड्यांचा गोंधळ बराच थांबला. पण त्या व्याख्येत घराच्या आतल्या भिंतींची जाडी धरलेली असते, बाल्कनी धरलेली नसते. म्हणून आकड्यापेक्षा टेप महत्त्वाची. दहा बाय दहाची बेडरूम घ्या. ऐकायला ठीक वाटते. डबल बेड उशाच्या फळीसकट साडेसहा फूट लांब, समोरच्या भिंतीला दोन फूट खोल कपाट. मध्ये उरतो दीड फूट. कपाटाचा पल्ला उघडायलाच दीड फूट लागतो, म्हणजे तो उघडणारा माणूस पलंगावर बसलेला पाहिजे. सँपल फ्लॅटमध्ये हे कळत नाही, कारण तिथला पलंग अनेकदा नेहमीपेक्षा आखूड करून घेतलेला असतो आणि कपाटाला पल्लेच नसतात. आपल्या आत्ताच्या घरातल्या पलंगाची, कपाटाची, फ्रिजची मापं कागदावर घेऊन जावीत. विक्रेत्याला ते आवडत नाही. त्याला काही इलाज नाही.

स्वयंपाकघर उघडं ठेवावं की बंद, हा वाद पैशाचा नसून ताटाचा आहे. ज्या घरात रोज फोडणी होते, आठवड्यातून दोनदा बोंबील तळले जातात, सुकट भाजली जाते, मे महिन्यात मसाला परतला जातो, तिथे उघडं स्वयंपाकघर म्हणजे सोफ्याला कायमचा वास. चिमणी बसवू, हे उत्तर अर्धंच आहे. चिमणीचा धूर नळीने बाहेर जाणार असेल तरच तिचा उपयोग. ओट्याजवळच्या बाहेरच्या भिंतीला भोक पाडायला परवानगी आहे का, हे आधी विचारलं पाहिजे. आणि ज्यांच्या घरी खरोखरच दोन वेळ डबा येतो, त्यांनी बंद स्वयंपाकघराचा हट्ट का धरावा? तिथे भिंत काढून हॉल मोठा करणंच शहाणपणाचं. आपण काय खातो, हे शेजाऱ्यांच्या इंटिरिअरवरून ठरत नाही.

भिंत काढून, असं म्हणालो खरा, पण हल्ली तेही सोपं राहिलेलं नाही, आणि इथे सर्वांत वजनदार आक्षेप समोर येतो. आयुष्य बदलतं, आज दोघं आहोत, उद्या मूल येईल, परवा आईवडील राहायला येतील. मग आजच्या दिनक्रमावर घर बेतण्यात काय अर्थ? आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर पनवेलपासून जवळच, बेलापूरला उभं आहे. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक असलेल्या चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात तिथे आर्टिस्ट व्हिलेज वसवलं. घरं छोटी, मध्ये सामायिक अंगण, पण प्रत्येक घराची भिंत स्वतःची. शेजाऱ्याला धक्का न लावता खोली वाढवता यावी, मजला चढवता यावा म्हणून. लोकांनी ते केलंही, इतकं की बऱ्याच प्लॉटवर मूळ घर आता ओळखूसुद्धा येत नाही. वास्तुरचनेच्या रसिकांना याची हळहळ वाटते. मला त्यात रचनेचं यश दिसतं. याउलट आजच्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीने, म्हणजे साच्यात ओतून, बांधलेल्या सगळ्या भिंती सळई घातलेल्या काँक्रीटच्या असतात. सिडकोने २०२२ मध्ये बामणडोंगरीला प्रीकास्ट तंत्राने ९६ दिवसांत ९६ घरांची बारा मजली इमारत उभी केली. कौतुकाचीच गोष्ट, आणि घरांची टंचाई पाहता गरजेचीही. पण अशा घरातली भिंत हलत नाही, तिच्यात नवी वायर घालायला खाच मारता येत नाही. म्हणून आयुष्य बदलणार हे ज्याला ठाऊक आहे त्याने कोणती भिंत विटेची आणि कोणती काँक्रीटची, हे घर घेण्याआधी नकाशावर खुणा करून घ्यावं. सगळ्याच काँक्रीटच्या असतील तर खोल्या निदान चौरस आणि जवळपास सारख्या आकाराच्या असाव्यात. आज मुलांची ती उद्या आजीची होऊ शकते. बाथरूमचं दार दोन फुटांचं असेल तर त्यातून चाकाची खुर्ची जात नाही, आणि काँक्रीटच्या भिंतीत ते नंतर रुंद होत नाही.

हे सगळं ऐकून मध्यमवर्गीय माणूस म्हणतो, निवडीची चैन आम्हाला कुठली. बजेटमध्ये बसेल ते घ्यायचं. मला हे पूर्ण मान्य नाही. त्याच बजेटमध्ये, त्याच इमारतीत, त्याच किमतीला दोन फ्लॅट वेगळे असतात: एकाची खिडकी पश्चिमेला, एकाची पूर्वेला, एक लिफ्टच्या खोलीला चिकटून, एक नाही. सिडकोने २०२४ च्या २६ हजार घरांच्या योजनेत तर अर्जदारांना पसंतीचं घर निवडून क्रम लावायला सांगितलं होतं. सोडतीतल्या घराला निवड नसते, हा समजही आता जुना झाला. जुन्या सोसायटीत घर घेत असाल तर मागच्या वर्षीचा हिशेबतपासणीचा अहवाल मागून टँकरवरचा खर्च बघावा. देहरंग धरणाचं पाणी पनवेलला उन्हाळ्यात पुरत नाही हे जगजाहीर आहे, पण कुठल्या सोसायटीने टँकरवर किती खर्च केला, हे फक्त त्या कागदावर असतं. त्याला पैसे पडत नाहीत.

राहिलं इंटिरिअर. माझा सल्ला लोकांना आवडत नाही, तरी देतो: भिंतीत बसवायचं फर्निचर पहिला पावसाळा जाईपर्यंत करू नये. कुठली भिंत ओल धरते, कुठल्या कोपऱ्यात बुरशी येते, वारा कुठून कुठे जातो, चपला आणि ओल्या छत्र्या आपसूक कुठे जमतात, हे चार महिन्यांत घरच सांगतं. त्यात कायद्याचाही मुद्दा आहे. रेरानुसार ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष लक्षात आणून दिला तर तो विनामूल्य दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. पण पश्चिमेच्या भिंतीवर पहिल्याच महिन्यात प्लायवूड ठोकलं तर गळती दिसते ती प्लाय कुजल्यावर, आणि मग दोष बांधकामाचा की सुताराने मारलेल्या खिळ्यांचा, यावर भांडण सुरू होतं. यावरचे आक्षेप ठरलेले आहेत. एकदम काम दिलं तर ठेकेदार स्वस्तात करतो, आणि वास्तुशांतीला पाहुणे येणार, रिकामं घर कसं दाखवायचं. ठेकेदाराची सवलत एक कुजलेलं कपाट पुन्हा करून घेण्यातच निघून जाते. पाहुण्यांसाठी सतरंज्या भाड्याने मिळतात, आणि पंगत रिकाम्या हॉलमध्येच नीट बसते.